शेपटीच्या पांढऱ्या रिंगा

आमच्या बेंच क्रीकमध्ये कोणाकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळतं, आणि कोणाचं काय बिनसलंय ते गाडी कशी उभी केलीय त्यावरून. हॅच मंडळींची जीप कायम नाक रस्त्याकडे करून उभी असायची, आत्ता सुटते की मग सुटते अशी. मार्चमधल्या एका शनिवारी ती नाक गॅरेजकडे करून उभी दिसली, रुसलेल्या पोरासारखी. मी लगेच गुलाब छाटायचं निमित्त करून कुंपणाशी गेलो. आमच्याकडे गुलाब नाहीत, पण कात्री आहे.

नोलीन हॅच उलट्या बादलीवर बसून पुढच्या चाकाची रिंग घासत होती.

"घासून रंग परत येत नसतो," मी म्हणालो.

"तुझं तोंड घासलं तर काही निघेल का ते बघते," ती म्हणाली, मान वर न करता.

ज्यांना जीपचं वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही रिंग म्हणजे चाकाच्या बाहेरच्या कडेला बोल्टांनी बसवायचं रंगीत कडं. ते काही धरत नाही, काही पेलत नाही. खडकाचा ओरखडा मूळ चाकाऐवजी त्याच्यावर निघतो एवढीच त्याची कामगिरी, बाकी सगळा नट्टापट्टा. पण कच्च्या वाटांनी रांगेत फिरणाऱ्या आमच्या जीप क्लबात या नट्टापट्ट्याला भलताच मान. रांगेतल्या पहिल्या गाडीच्या रिंगा नारिंगी, शेवटच्या गाडीच्या पांढऱ्या. मधल्यांनी हे दोन रंग सोडून निळ्या, जांभळ्या, पोपटी, काय हव्या त्या लावाव्यात. लाल धुळीत आरशात गाडी ओळखू येत नाही, पण फिरणारं कडं चमकतं. पांढरं दिसलं की समजायचं, रांग संपली, सगळे आले.

नारिंगीवाला म्हणजे वाटाड्या. त्याचे फोटो निघतात. पांढरीवाला म्हणजे शेपटी. त्याने सगळ्यांची धूळ खायची, फसलेल्यांना ओढून काढायचं आणि जेवायच्या जागी उशिरा पोचून भाजलेल्या बटाट्यांच्या ताटाचा तळ खरवडायचा. नारिंगीसाठी भांडणं होतात. पांढरीसाठी झालेलं एकही भांडण माझ्या कानावर नाही, आणि माझ्या कानावर नाही म्हणजे ते झालंच नाही.

बेंच क्रीकची नारिंगी रिंग म्हणजे डॉरेल हॅच. आयुष्यभर त्याने काउंटीचं रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलं. इथली प्रत्येक कच्ची वाट त्याच्या हाताखालून गेलेली. रिटायर झाल्यावर वसंतातल्या सफरीला पुढे तोच. आणि त्याच्या उजव्या हाताला, डॅशबोर्डची दांडी घट्ट धरून, त्याची बायको नोलीन.

तर ही नोलीन. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली. गावातल्या निम्म्या माणसांनी तिच्या हातचं खाल्लंय आणि उरलेल्या निम्म्यांनी तिच्या हातच्या खाण्याला नावं ठेवलीत. मी दोन्हीकडे आहे. जाळीची टोपी घालून ती वाढायला उभी राहायची आणि तिची नजर समोरच्या पोरावर कधीच नसायची, रांगेच्या टोकावर असायची. ढकलाढकलीत मागे पडणारं एक पोर प्रत्येक वर्गात असतं. ते येईपर्यंत पीचचा चांगला तुकडा ती मोठ्या डावाखाली झाकून ठेवी.

जीपमध्येही तेच. डॉरेल पुढे बघे, ही वळून मागे बघे. एका वर्षी गूसनेक घाटात बॅस्कमची जुनी गाडी बंद पडली. पुढे बरीच वर्षं शेपटी झालेला मर्लिन ओकी तेव्हा त्या जागी नव्हता, आणि त्या वर्षीचा शेपटीवाला लवकर घरी निघून गेला होता. नोलीन म्हणाली, मागे गाडी दिसत नाहीये, थांब. डॉरेल म्हणाला, येतील, वर जागा बघून थांबू. त्याने जीप जरा हळू केली आणि ही दार उघडून उतरली, हातात पाण्याचा डबा घेऊन घाट उतरायला लागली. पायात रविवारच्या चपला. वर पोचल्यावर डॉरेलने शेजारच्या सीटकडे बघून काहीतरी विचारलं, तेव्हा त्याला कळलं की आपण सीटशी बोलतोय. मला ही गोष्ट बॅस्कमच्या सासूने सांगितली. डॉरेल सांगतो त्यात ती स्वतःच्या पायांनी उतरत नाही, तो तिला पाठवतो.

दोन वर्षांपूर्वी डॉरेलच्या डोळ्यांत मधोमध डाग पडायला सुरुवात झाली. कडेचं दिसतं, समोरचं नाही. आता तो कोंबडीसारखी मान तिरकी करून बघतो. चर्चमध्ये तो ज्याच्याकडे बघतोय असं वाटतं त्याच्याकडे तो बघत नसतो, त्यामुळे निम्मी बाकं उगाच सावरून बसतात. या हिवाळ्यात डॉक्टरने त्याचं गाडी चालवणं बंद केलं. त्याच सुमाराला मर्लिन ओकी मुलीकडे राहायला सेंट जॉर्जला गेला आणि पांढऱ्या रिंगाही मोकळ्या झाल्या.

"मग तू चालवणार जीप?" मी कात्री खिशात ठेवून विचारलं.

"कोणीतरी चालवायला हवी. मी घरात बसून मोजे विणले तर तुला कुंपणावर काय मिळणार?"

"नारिंगीच?"

तिने घासणं थांबवलं. "डॉरेल म्हणतो, नव्या नारिंगी रिंगा आण. तू चालव, मी शेजारी बसून वाट सांगतो. म्हणतो, गावाला फरकसुद्धा कळणार नाही."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मला शेपटी व्हायचंय," ती म्हणाली. इतक्या हळू, की माझ्यासारख्यालाही पुढे वाकावं लागलं. "आणि नारिंगी सोडली, की त्याची वाट सांगायची जागाही गेली. तेवढं एकच त्याच्याकडे उरलंय, गॅरन. ते मी काढून घेऊ?"

मी कात्री काढून नसलेला गुलाब छाटायला लागलो. गावात हे कोणाला सांगू नका, माझं नाव खराब होईल.

सोमवारी ती मला क्लिऑनच्या टायरच्या दुकानात घेऊन गेली. म्हणाली, सोबत हवी. खरं म्हणजे मी नंतर विचारत बसेन त्यापेक्षा तिथेच असलेला बरा, असा तिचा हिशेब होता. क्लिऑन हा मोठा थंड माणूस. त्याच्या दुकानात वाऱ्याचा पंप सोडून कोणी घाई करत नाही. त्याने आधी तिच्या चाकाचं माप विचारलं, मग कोणत्या बनावटीचं चाक ते विचारलं, कारण एका चाकाची रिंग दुसऱ्याला बसत नाही, भोकं जुळत नाहीत. दरवर्षी कोणीतरी नुसता रंग बघून रिंगा मागवतो आणि मग त्या बायकोच्या टोमॅटोच्या वाफ्यात आधाराला लागतात.

"प्लास्टिकची नको," क्लिऑन म्हणाला. "उन्हाने तडकते. अ‍ॅल्युमिनियमची घे, रंग भट्टीत भाजलेली. नारिंगीच ना, मागच्यासारखी?"

त्याने नारिंगी नमुना काउंटरवर ठेवला. नोलीन म्हणाली, "पांढरी पण दाखव."

क्लिऑनने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्याने पांढरी आणली.

"पांढरी दुपारपर्यंत गुलाबी होते," तो म्हणाला. "इथली माती तुला माहीत आहे. मर्लिन दर वेळी बायकोच्या दात घासायच्या ब्रशने त्या भोकांतली धूळ काढायचा."

"तिला माहीत होतं?" मी विचारलं.

"आता होईल," क्लिऑन माझ्याकडे बघत म्हणाला.

नोलीनने दोन्ही रिंगा मांडीवर घेतल्या. बोटांनी कडा चाचपल्या, एक वर धरली, मग दुसरी, दारातल्या उजेडात. कापड घ्यायला आलेली बाई पदर लांबवर धरून बघते तसं. पण ती रंग बघत नव्हती. मी इतकी वर्षं माणसं बघतोय, तेवढं मला कळतं.

"नारिंगी लावली तर मी काय बघायचं, क्लिऑन?"

"पुढचा रस्ता."

"कुठला? मला दिसतो तो का डॉरेल सांगेल तो?"

क्लिऑनने पंप बंद केला. "डॉरेलला या वाटा पाठ आहेत, नोलीन."

"आहेत ना. पण मागच्या पावसाळ्यात त्या बदलल्या. परवा तो मला म्हणाला, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे घे. डावीकडे आता नाला आहे. मी म्हटलं, नाला आहे. तो म्हणाला, नाही. मी गाडी थांबवून त्याला उतरवलं आणि काठापर्यंत हात धरून नेलं. त्याने पायाने चाचपून बघितलं. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही." तिने नारिंगी रिंग काउंटरवर परत ठेवली. "माझ्यामागे वीस गाड्या असतील आणि त्यांत पोरं असतील."

मग ती म्हणाली, "आणि ते नसतं तरी मला पांढरीच हवी होती. हेच मला त्याला सांगता येत नाही. नाल्याचं सांगता येईल. हे नाही."

मला खोटं बोलायची उबळ अशा वेळी फार चांगली येते. मी म्हणालो, "सोपं आहे. या चाकाला आता नारिंगी येतच नाही, कारखान्याने बंद केली, एवढंच सांगायचं. पांढरी तेवढी मिळाली. ना तुझा दोष, ना त्याचा अपमान. क्लिऑन, तू सांगशील?"

क्लिऑनने बराच विचार केला. "सांगेन," तो म्हणाला. "त्याने विचारलं तर. स्वतःहून नाही."

नोलीनने मांडीवरची पांढरी रिंग क्लिऑनकडे सरकवली. पांढऱ्या चार मागवल्या.

आमच्याकडे रिंगा बसवायची एक संध्याकाळ असते. सफरीच्या आधीच्या शुक्रवारी ज्याच्या नव्या रिंगा, त्याच्या अंगणात सगळे जमतात, बायका-पुरुष बोल्ट घट्ट करतात, समोरासमोरचे एकेक असे, म्हणजे कडं वाकडं बसत नाही. ते झालं की बटाटे, हॅम आणि हिरवी जेली. जेलीत किसलेलं गाजर का घालतात ते विचारू नका, माझ्या आईनेही घातलंय.

त्या संध्याकाळी हॅचच्या अंगणात अर्धा क्लब होता. डॉरेल खुर्चीत बसला होता, क्लबची टोपी घालून, सगळ्यांकडे तिरका बघत. नारिंगीवर डोळा ठेवून असलेला ट्रेव्हिन स्टोक्सही आला होता. छपरं घालायचा त्याचा धंदा, स्वभावाने बरा, पण त्याची गाडी इतकी उंच की तिच्यात चढायला त्याच्या बायकोला शिडी लागते. तो दारातच घुटमळत होता. डॉरेलने त्याला आवाजावरून ओळखलं.

"ट्रेव्हिन, घाबरू नकोस, मी अजून मेलो नाही."

"नाही, ब्रदर हॅच," ट्रेव्हिन चर्चमधल्या रीतीने म्हणाला. "मी जेली घेऊन आलोय."

"मग मरायला हरकत नाही."

सगळे हसले. नोलीनने खोकी उघडली. पहिली रिंग बाहेर आली आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. पांढरी रिंग मावळत्या उन्हात पिवळसर दिसत होती. डॉरेलने मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूने केली.

"कुठला रंग आहे हा?" त्याने विचारलं.

क्लिऑन टोपी सारखी करायला लागला. मग मीच म्हणालो, "अरे, तुमच्या चाकाला आता नारिंगी येत नाही म्हणे. कारखान्याने—"

"येते," नोलीन म्हणाली.

मी जेलीकडे गेलो.

"येते, डॉरेल. क्लिऑनच्या काउंटरवर होती, माझ्या मांडीवर होती. मी घेतली नाही. मी पांढरी घेतली." तिने रिंग खोक्यावर ठेवली. "तुझ्या डोळ्यांमुळे घेतली असं सगळ्यांना वाटेल. वाटू दे. तुझे डोळे गरुडासारखे असते तरी मला एक दिवस पांढरी लावायचीच होती. मी कधी बोलले नाही, ही माझी चूक."

डॉरेल उठला. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला, मग घरात गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मग जे झालं ते आमच्या गावाला शोभणारं झालं, म्हणजे सगळे खायला लागले. कोणी कोणाशी डोळे मिळवेना. ट्रेव्हिन हळूच म्हणाला, "मी नारिंगी नाही लावत या वर्षी, नोलीन." ती म्हणाली, "तू लाव. कोणीतरी पुढे जायलाच हवं, आणि तुझी गाडी दिसते तरी." मग तिने पाना घेतला आणि एकटीच पुढच्या चाकाशी बसली. जुनी रिंग काढायला लागली. एक बोल्ट गंजला होता, निघेना. क्लिऑन पुढे झाला तर तिने हात केला, राहू दे.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. डॉरेल आला, कडेकडेने, भिंतीला धरून. हातात तेलाची बाटली. तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला, गुडघे कडकडल्याचा आवाज मला जेलीपर्यंत आला. बोटांनी चाचपत तो गंजलेल्या बोल्टपाशी गेला आणि तेलाचे दोन थेंब टाकले. त्याचे हात अजून बघण्यासारखे आहेत.

"मग मी कुठे बसायचं?" त्याने विचारलं.

"माझ्या शेजारी. मी बसत होते तिथे."

"तिथे बसून काय करतात?"

"पाण्याची बाटली उघडून देतात. दांडी धरतात. आणि गप्प बसतात."

"तू कधी गप्प बसलीस?"

"तुला ऐकू येत नव्हतं म्हणून तुला तसं वाटतं."

बोल्ट कुरकुरला आणि सुटला. डॉरेल म्हणाला, "मी येणार नाही. तू जा." आणि तेवढं बोलून दुसऱ्या बोल्टला हात घातला. चारही चाकांवर रिंगा त्यानेच घट्ट केल्या, समोरासमोरचे एकेक करत. कोणी मदत करू का विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी मी माझ्या दारात उभा होतो. माझी गाडी बंद होती, म्हणून मी हॅचच्या मागच्या सीटवर बसायचं ठरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर गाडी चालू असती तरी तिथेच बसलो असतो. जीप नाक रस्त्याकडे करून उभी होती. नोलीन खोकी भरत होती. शेजारच्या सीटवर डॉरेल आधीच बसलेला, टोपी घालून, पट्टा लावून, समोर बघत.

"काल म्हणालास येणार नाही," मी म्हणालो.

"काल तू म्हणालास नारिंगी मिळत नाही," तो म्हणाला.

मी मुकाट मागे बसलो.

एकवीस गाड्यांची रांग निघाली. ट्रेव्हिनच्या नारिंगी रिंगा पहिल्या वळणाला दिसेनाशा झाल्या. मग पोपटी, निळ्या, जांभळ्या गेल्या, आणि त्यांनी उडवलेली लाल धूळ आमच्यावर येऊन बसली. डॉरेल सवयीने म्हणाला, "इथे उजवीकडे धर." नोलीन उजवीकडेच होती. थोड्या वेळाने म्हणाला, "दुसऱ्या गिअरमध्ये." ती दुसऱ्यातच होती. तिसऱ्या वेळी त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला केवढे कष्ट पडले ते मला मागून त्याच्या मानेवर दिसत होतं.

टाकीच्या वरच्या चढावर आमच्या पुढची गाडी थांबली. तरुण जोडपं, मागे बाळ. मुलाने काच खाली केली, चेहरा पांढराफटक. म्हणाला, इंजिन तापलंय, सिस्टर हॅच, तुम्ही बाजूने पुढे जा. नोलीन म्हणाली, "आम्ही कुठे जाणार? आमच्यामागे कोणी नाही." आणि इंजिन बंद करून पाण्याचा डबा घेऊन उतरली.

गाड्यांगाड्यांत बोलायचा रेडिओ खरखरला. ट्रेव्हिन विचारत होता, "शेपटी, सगळे आले का? आम्ही वर पोचतोय." डॉरेलचा हात रेडिओकडे गेला. त्याने तो उचलला, बटण दाबणार इतक्यात थांबला आणि खिडकीतून बाहेर धरला. "तुझा आहे," तो म्हणाला.

नोलीनने घेतला. "नाही आले. आम्ही थांबलोय. तूही थांब, ट्रेव्हिन. आहेस तिथेच."

"थांबलो," ट्रेव्हिन म्हणाला. आणि त्या डोंगरावर पुढच्या एकोणीस गाड्या एकामागून एक थांबल्या. त्यांची इंजिनं बंद होताना ऐकू येत होती, वरपासून खाली येत येत.

डॉरेल बराच वेळ ते ऐकत बसला. ती परत आल्यावर म्हणाला, "मला असं कोणी कधी थांबवलं नव्हतं."

"थांबवलं होतं. मर्लिन दर वेळी सांगायचा. तू रेडिओचा आवाज बारीक करायचास."

"मर्लिन फार बोलायचा."

"हो," ती म्हणाली. "शेपटीला बोलावंच लागतं."

बाळाला सावलीत फिरवून झालं, इंजिन निवलं, जोडपं पुढे निघालं. ट्रेव्हिनला कळवलं. वरची रांग हलली, आणि परत तीच धूळ, भिंतीसारखी. नोलीनने दिवे लावले, वेग मुंगीचा केला. काचेपलीकडे लाल रंगाशिवाय काही नव्हतं. ती स्टिअरिंगवर वाकून डोळे बारीक करून बघत होती.

"पुढे काय दिसतंय?" डॉरेलने विचारलं.

"काहीही नाही."

"कडेला?"

"कडेला थोडंसं. दगड. एक झुडूप."

डॉरेलने मान तिरकी केली. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि बाटली तिच्या हाताशी धरली.

"मग मला दिसतं तेवढंच," तो म्हणाला. "सावकाश घे. एवढ्यावरही चालतं."